लोकरीचा चेंडू

तुमच्याकडे कुणी चेंडू फेकला, तर झेलायच्या आधी तुम्ही विचारता का, की हा आत्ता कुणाच्या हातातून आला? नाही ना विचारत? मग तुमच्या आज्याला विचारून बघा. आजा गप्प बसला, तर समजा तो कड्याच्या बाजारतळावर त्या दिवशी होता.

फसली तेराशे बेचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेहेतीसची गोष्ट. निजामाचं राज्य होतं, आणि कड्याच्या वेशीवर आश्रुबा येसकर होता. सकाळी वेशीचं दार उघडायचं, गुरं बाहेर जाऊ द्यायची, दिवसभर सांगावे पोचवायचे आणि दिवेलागणीला दार ओढून घ्यायचं. आतून कडी घालायला दुसरा माणूस असे. दार लागलं की गाव आत राही आणि गावाचा राखणदार बाहेर. त्याचं खोपट महारवाड्यात, वेशीपासून पन्नास पावलांवर.

उंच, वाळका माणूस. डोळे कायम अर्धे मिटलेले. बोलता बोलता मध्येच हरवायचा. लोक म्हणत, आश्र्याला नगरचं वारं लागलंय, आणि ते खरंच होतं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो चुलत्याच्या मागं चालत नगरला, इंग्रजी मुलखात गेला, आणि तिथल्या एका मिशनच्या आवारात अकरा वर्षं झाडलोट करत राहिला. संध्याकाळी गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा मैदानात खेळायच्या. चार कोपऱ्यांना चार खुंटे. मऊ, नारळाएवढा चेंडू. एकानं खालून हातानं टाकायचा, दुसऱ्यानं फळीनं मारायचा आणि पळत सुटायचं. पहिला खुंटा, दुसरा, तिसरा, आणि मग जिथून निघाला तिथं परत. त्या शेवटच्या खुंट्याला साहेब लोक घर म्हणत. घरी आला की मडमा टाळ्या वाजवत.

आश्रुबा कुंपणापाशी उभा राही. घाणेरीच्या झुडपात गेलेला चेंडू काढून फेकणं हे त्याचं काम. अकरा वर्षांत त्याच्या हातात फळी कुणी दिली नाही. दुष्टपणानं नव्हे. कुणाला सुचलंच नाही. मला तर दुष्टपणापेक्षा ह्याचाच राग जास्त येतो, पण आश्रुबाला राग येत नसे. त्याला स्वप्नं पडत, आणि तीही जागेपणी. बाप गेला, येसकरकी अंगावर आली आणि तो परत आला. तेव्हापासून भर दुपारी, बाजारतळ रिकामा असताना, वेशीच्या सावलीत बसून तो आत बघत राही. बघता बघता धुळीतून चार खुंटे वर येत. एक पिंपरणीपाशी, एक रांजणांपाशी, एक बैलबाजाराच्या दगडांपाशी. आणि घर वेशीच्या आतल्या अंगाला, लिंबाखाली, जिथं त्याला उभं राहता येई पण बसता येत नसे. कुणीतरी पळत असे. त्याचा चेहरा दिसत नसे. घरी पोचायच्या आत कुणाचीतरी हाक यायची, "ए आश्र्या, झोपला का बे?" आणि खुंटे धुळीत बुडून जायचे.

एवढंच त्याला हवं होतं. एकदा तीन खुंटे शिवून घरी यायचं, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, आला.

तो योग शिमग्यानं आणला. कडा आणि धानोरा ही गावं दर शिमग्याला एकमेकांची होळीची लाकडं चोरायची आणि मग दगडफेक व्हायची. आदल्या वर्षी दोन डोकी फुटली होती. गावचे तरुण पाटील अर्जुनराव औरंगाबादेला चार इयत्ता शिकून आलेले. त्यांच्या मनात आलं की ह्या पोरांची रग दुसरीकडं काढावी. कुस्तीनं वैर वाढतं. मग कुणीतरी सांगितलं, आश्र्याला साहेबाचा खेळ येतो.

पाटलांनी त्याला ओट्यापाशी बोलावलं. पाटील ओट्यावर, आश्रुबा खाली अंगणात. पाटलांच्या शेजारी देवळाचे पुजारी राधाकिशनबुवा मांडी घालून कापसाच्या वाती वळत बसलेले.

"रामराम पाटील."

बापासारखा वाकून जोहार तो घालत नसे. बुवांच्या कपाळाला आठी पडली. पाटलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"त्या खेळाचे कायदे सांग. मी लिहून घेतो. शिमग्यानंतर पंचमीला सामने ठेवू."

"सांगतो. पर एका दिसात न्हाई व्हायचं."

"कावून?"

"लई हायेत."

लई नव्हते. पण आश्रुबानं अकरा वर्षं सांभाळून आणलेली चीज होती, ती एका बैठकीत कशी ओतणार? तो रोज संध्याकाळी दोन सांगायचा आणि पाटील मोडीत उतरवून घ्यायचे. चेंडू खालूनच टाकायचा, खांद्यावरून टाकला तर तो दगड होतो, खेळ राहत नाही. तीनदा फळी चुकली की बाद. गडी दहा. पळताना पागोटं पडलं तरी बाद नाही, पण उचलायला थांबला तर त्याचं नशीब. मधून म्हैस गेली तर डाव थांबवायचा, म्हशीला चेंडू लागला तर पुन्हा टाकायचा.

"हा म्हशीचा कायदा साहेबाचा का तुझा?" पाटलांनी विचारलं.

"साहेबाकडं म्हैस नव्हती."

पंचाला शिवी दिली तर बाभळीत गेलेला चेंडू शिवी देणाऱ्यानंच आणायचा, हाही त्याचाच. पाटील लिहिता लिहिता हसायचे. बुवा हसत नसत, पण संध्याकाळ झाली की वाती घेऊन हजर असत.

सहाव्या दिवशी आश्रुबानं विचारलं, "गावं किती झाली?"

"कडा, आष्टी आणि धानोरा."

"तिघांत न्हाई व्हायचं. दोघं खेळणार, तिसऱ्यानं काय शेंगा खायच्या?"

"मग केजला सांगावा धाडू."

"तितनं बैलगाडी येईस्तोवर पंचमी निघून जाईल."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"चौथा हाय की," आश्रुबा म्हणाला. तो पाटलांकडं बघत नव्हता, बाजारतळाकडं बघत होता. "येशीभाईर."

बुवांची वात थांबली. पाटलांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"अर्जुनराव, चेंडू एकच असतो," बुवा म्हणाले. "ह्यांचा हात लागलेला चेंडू आपली पोरं झेलणार? मग घरी जाऊन आयांच्या चुलीपाशी बसणार?"

आश्रुबानं डोळे पुरे उघडले. तसे तो क्वचितच उघडी.

"बुवा, पूजेला तुमी काय नेसता?"

"धाबळी. का रे?"

"सुती कावून न्हाई नेसत?"

"सुताला विटाळ होतो. लोकरीला होत नाही. एवढंही..." बुवा मध्येच थांबले. आपलं वाक्य कुठं निघालंय ते त्यांना वाक्याच्या आधी कळलं.

"मंग चेंडू लोकरीचा," आश्रुबा म्हणाला.

पाटलांनी हसू येण्याआधी लिहून टाकलं.

बुवा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "आणि अंगाला अंग लागलं म्हणजे?"

"लागायचं न्हाई. पळणाऱ्याला धरायचं न्हाई. चेंडू फेकून मारायचा, न्हाईतर खुंट्यावरच्या गड्याकडं टाकायचा. साहेब लोक हातातला चेंडू अंगाला टेकवत्यात. आपण टेकवायचा न्हाई."

अकरा वर्षं जपलेला अख्खा खेळ, त्याला त्यानं स्वतःच्या हातानं खाच पाडली होती. पण खाच पाडल्याशिवाय दारातून आत येत नव्हता.

"अन् पंच राधाकिशनबुवाच पायजेत," तो पुढं म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं गाव ऐकायचं न्हाई."

अडवणाऱ्यालाच पाटावर बसवलं की तो उठून अडवायला येत नाही, हे आश्रुबाला नगरच्या मिशननं नव्हे, कड्याच्या वेशीनं शिकवलं होतं. बुवांनी धाबळीचा पदर सारखा केला. नाही म्हणाले नाहीत.

खोपटात त्याच्या बायकोनं, छबुबाईनं, हे सगळं ऐकलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, मेंढीला तरी इचारलं का, ती कुणाच्या बांधावर चरली?"

"छबे, लोकर पायजे."

"धनगर फुकट देतोय व्हय?"

पण दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे बाभळीच्या वाटेनं जाऊ लागली. मेंढरं त्या वाटेनं जात आणि काट्यांना लोकरीचे पुंजके अडकून राहत. ती एकेक काटा वाकवून पुंजका काढी आणि ओच्यात टाकी. धुक्यात त्या बाभळी पांढऱ्या फुलल्यासारख्या दिसत. बारा दिवसांत मूठ-मूठ करून टोपलीभर झाली. ती टोपली आश्रुबानं कय्युम पिंजाऱ्याकडं नेऊन दिली. कय्युम गावच्या गाद्या भरायचा. गोल वळायचा हात त्याचाच.

इजाजतीचं पाटलांनी बघितलं. त्या काळी शंभर माणूस एका जागी जमवायचं तर कागद लागे. जलसा, सभा, मेळावा असले शब्द कागदावर गेले की कागद परत येत नसे. अर्जुनरावांनी उर्दूत एकच शब्द लिहवून घेतला, तफरीह. म्हणजे मौज, करमणूक. कागद मंजूर होऊन आला, पण मुदत सूर्य मावळेपर्यंतच. सोबत पोलिसांचा एक जवान आला. त्यानं लिंबाच्या बुंध्याला पाठ लावली आणि शेंगांचं टोपलं जवळ ओढलं.

पंचमीचा दिवस उजाडला तो कसा, ते आश्रुबाला पुढं नीट सांगता येत नसे. म्हणे, उजेड मऊ होता. वेशीचं दार त्यानं नेहमीसारखं उघडलं, पण त्या दिवशी गुरांच्या मागून महारवाड्याचे नऊ गडी आत आले, धुतलेल्या धोतरांत, आणि त्यांना कुणी कुठं निघालात म्हणून विचारलं नाही. चार खुंटे खरोखरच्या जमिनीत ठोकलेले होते. त्यानं डोळे चोळले. बुडाले नाहीत.

कय्युमनं चेंडू आणला. नारळाएवढा, काळ्या-पांढऱ्या लोकरीचा, वर घोंगडीच्या दोऱ्याची जाळी. बुवांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला, मेंढीचा वास घेतला आणि म्हणाले, "शुद्ध आहे." तिन्ही गावचे लोक होते. सगळ्यांनी ऐकलं.

पहिला सामना कड्यानं धानोऱ्याशी जिंकला. लाकडांवरून एकमेकांची डोकी फोडणारी पोरं त्या मऊ चेंडूनं एकमेकांना झोडपत होती आणि हसत होती. धानोऱ्याच्या एकानं बुवांना शिवी दिली आणि बाभळीत शिरून चेंडू काढताना दुसरी दिली, तेव्हा त्याला पुन्हा एकदा उगाच पाठवलं. दुसरा सामना आष्टी आणि वेशीबाहेरचे. आष्टीकर पहिल्यांदा चेंडू झेलताना बोटं आखडून घेत होते, म्हणून तो हातातून निसटत होता. लोकरीचा आहे, लोकरीचा आहे, असं त्यांचे थोरले काठावरून सांगत होते, पण हाताला सवय नव्हती. त्या आखडलेल्या बोटांनी आष्टी हरली.

दुपार कलली. शेवटचा सामना, कडा आणि वेशीबाहेरचे. चेंडू इकडून तिकडं जात राहिला. पाटलांच्या हातून आश्रुबाच्या पुतण्याकडं, त्याच्याकडून तेल्याच्या पोराकडं, तिथून कय्युमच्या भावाकडं. एका घटकेनंतर कुणाच्याच बोटांना आठवेना. धूळ सोन्यासारखी दिसत होती. बायका वेशीच्या दोन्ही अंगांना उभ्या होत्या आणि मधलं दार उघडंच होतं. बरोबरी झाली. वेशीबाहेरच्यांचा शेवटचा गडी राहिला. तो आश्रुबा होता. चाळिशीला टेकलेला माणूस, पण दहावा त्यानं स्वतःला धरलं होतं.

त्यानं फळी उचलली. तिचं वजन अंदाजापेक्षा हलकं होतं. तेवढ्यात कय्युम धापा टाकत त्याच्यापाशी आला आणि कानाशी वाकला.

"आश्रुभाई, जोरात मारू नको."

"कावून?"

"लोकर कम पडली. वरवर लावली. पोटात कापूस हाय."

आश्रुबानं पाटलांच्या हातातल्या चेंडूकडं बघितलं.

"मला काय ठावं इतकं मनावर घेतील," कय्युम म्हणाला. "मी आपली गादी भरतो तसा भरला. शिवण कच्ची झालीये. हळू मार अन् पळ. कुणाला कळणार न्हाई."

तो निघून गेला. पाटील चेंडू हातात घेऊन टाकायला उभे होते. बुवा घराच्या खुंट्यापाशी, धाबळीत. सूर्य पिंपरणीच्या शेंड्यावर टेकला होता.

पहिला चेंडू आश्रुबानं जाऊ दिला. तो विचार करत होता. सकाळपासून कापूसच फिरतोय. बुवांच्या हातातून, पाटलांच्या हातातून. एकाही घराला आग लागली नाही, एकही गाय आटली नाही. दुसऱ्याला त्यानं फळी नुसती लावली. चेंडू तिला घासून मागं पडला आणि पुन्हा टाकायचं ठरलं. हळू मारला तर कदाचित घरी पोचेन, आणि पुढच्या वर्षी पुन्हा लोकर गोळा करावी लागेल, काट्याकाट्यावरून. छबीच्या बोटांवर अजून ओरखडे होते. त्यानं पलीकडं बघितलं. ती वेशीच्या बाहेरच्या अंगाला उभी होती, पदर दातात धरून.

पाटलांनी खालून हातानं टाकला. चेंडू हळू आला, इतका हळू की त्यावरची दोऱ्याची जाळी दिसत होती.

आश्रुबानं अकरा वर्षं घालून मारला.

ठक असा आवाज झालाच नाही. फस्स झालं, गादीवर कुणी आडवं पडावं तसं. लोकरीचं काळं-पांढरं टरफल एका बाजूला पडलं आणि आतून कापूस उडाला. कय्युमनं पिंजून पिंजून हलका केलेला कापूस, एवढ्याशा चेंडूत एवढा मावला कसा कुणास ठाऊक. वारं पडलेलं होतं. तो वर गेला आणि तिथंच तरंगत राहिला, कलत्या उन्हात केशरी झाला, आणि मग सगळ्यांवर सावकाश उतरू लागला. पाटलांच्या पागोट्यावर, जवानाच्या मिशीवर, आष्टीकरांच्या, धानोरेकरांच्या खांद्यांवर. बायकांच्या डोक्यांवर, वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या. कुणी झटकत नव्हतं. कुणाला सुचलंच नाही.

आश्रुबा पळत होता. पळत कसला, चालत होता म्हणा, कारण त्याला अडवणार कोण आणि कशानं? पहिला खुंटा त्यानं पायानं शिवला. दुसऱ्यापाशी कड्याचा गडी तोंड वर करून उभा होता, आश्रुबा त्याच्या बाजूनं गेला. तिसरा बैलबाजाराच्या दगडांपाशी. नेहमीच्या हाकेची वाट बघत तो पुढं चालला. हाक आली नाही. पळणाऱ्याचा चेहरा त्याला आज आतून माहीत होता. लिंबाची सावली पायावर पडली आणि त्यानं घराच्या खुंट्यावर पाऊल ठेवलं.

आता फक्त एक शब्द उरला होता. तो म्हणायचा होता बुवांनी.

बुवांनी खांद्यावरचा कापूस चिमटीत धरला होता. रोज वाती वळणारी बोटं. काय धरलंय ते त्यांना डोळे मिटूनही कळलं असतं. सकाळी शुद्ध आहे असं तेच म्हणाले होते. आला म्हणावं, तर कापसाचा खेळ खरा ठरतो. बाद म्हणावं, तर कशानं बाद? विटाळ झाला म्हणावं, तर तिन्ही गावांना आंघोळी कराव्या लागणार, आणि फाल्गुनात नदीला राहिलेला एक गुडघाभर डोह, तोही म्हशींचा. त्यांनी तोंड उघडलं. आश्रुबाला त्यांच्या ओठांवर 'आ' दिसला. शेवटपर्यंत तो शपथेवर सांगे की 'आ'च होता.

"सूर्य बुडाला," अर्जुनराव मागून म्हणाले. "इजाजत संपली. खेळ मुल्तवी."

जवानानं मिशीवरचा कापूस फुंकला आणि मान डोलावली. बुवांनी तोंड मिटलं. पाटील वाईट माणूस नव्हते, एवढं मी मान्य करतो. त्यांनी त्या दिवशी गावाचं भांडण वाचवलं. कुणाच्या जिवावर वाचवलं, ते त्यांच्या चोपडीत लिहिलेलं नाही. चोपडीत शेवटच्या पानावर एकच शब्द आहे, मुल्तवी.

लोक पांगले. आश्रुबा खुंट्यावरच उभा होता. छबुबाई दारातून म्हणाली, "अवो, दार लावायचंय तुमाला." तेव्हा तो हलला, बाहेर गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं.

पुढच्या वर्षी इजाजत मागितली गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. धानोऱ्याशी लाकडांची चोरी सुरू झाली, पण दगड मात्र आले नाहीत. कय्युम आश्रुबाला भेटला की मान खाली घाली, आणि आश्रुबा म्हणे, "बरं झालं बे. लोकर पुरली असती तर काय बघायला मिळालं असतं?" राधाकिशनबुवांनी त्या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. फक्त ते आश्रुबाच्या रामरामला उत्तर देऊ लागले, हळू आवाजात, आजूबाजूला बघून.

खुंटा कुणीतरी होळीत घातला. तरी आश्रुबा पुढची वीस-बावीस वर्षं, राज्य बदलेपर्यंत आणि त्यानंतरही, दिवेलागणीला दार ओढायच्या आधी लिंबाखाली जाऊन त्या जागेवर एक पाऊल ठेवायचा. कुणी विचारलं, काय करतोस रे, तर अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "डाव चालू हाय. पाय काढला तर बाद व्हईन."

तो गेला. डाव अजून मुल्तवीच आहे. पंच गेले, पाटील गेले, चेंडूचा कापूस त्याच संध्याकाळी गेला. निकाल द्यायला कुणीतरी हवं. म्हणून तुम्हाला सांगतो, कधी आष्टीच्या वाटेनं जाणं झालं तर कड्याला उतरा. वेशीच्या जागेपाशी लिंब असला तर त्याच्याखाली, नसला तर नुसते उन्हात उभे राहा, आणि लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तेवढा एक शब्द म्हणा: आला.